उलटं झाकण

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. मागच्या पावसाळ्यात मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि मला न विचारता एका ग्रुपात घालून टाकलं. "मॅडम, तुम्ही पण बघायच्या ना लहानपणी ते कार्टून? खार आणि साळूवालं? त्याच्या फॅन लोकांचा ग्रुप आहे. बघा तर खरं, मस्त टाइमपास होतो."

मी फटकळ आहे, हे सगळ्या शाळेला माहीत. तरी त्या बाई माझ्याशी असं वागतात, कारण त्यांना मी आवडते. का आवडते ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी घरी येऊन ग्रुप उघडला. लोकांना दुसरे उद्योग नाहीत. कोणी स्वयंपाकघरातल्या पळीचा फोटो टाकलेला, खाली लिहिलेलं, 'आज वरण वाढताना साळू आठवली.' कोणी भंगारवाल्याच्या गाडीवरचं पितळी घंगाळ. कोणी वाऱ्याने उलटी झालेली छत्री, कोणी पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. रोजच्या वस्तू, आणि त्यांवर हसऱ्या तोंडांच्या रांगा. मीसुद्धा हसले. खोटं कशाला बोलू, चार-पाच फोटोंपर्यंत मजाच वाटली. मग एकाने वेताच्या टोपलीचा फोटो टाकला. टोपली रिकामी आणि झाकण उलटं. खाली प्रश्न: 'ही तुमच्या दारात आली, तर काय कराल?'

खाली सत्तर-ऐंशी जणांनी उत्तर दिलं होतं, आणि उत्तर एकच. 'निघणार!' सगळेच्या सगळे निघाले होते. एकही घरी बसला नव्हता.

मी मोबाईल पालथा ठेवला. गॅसवर दूध होतं ते उतू गेलं, तरी माझ्याच्याने उठवलं नाही.

ज्यांनी ते कार्टून पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. ते कुठल्या देशातलं होतं, देव जाणे. आमच्याकडे हिंदीत बोलायचं. नदीच्या मधोमध एक खडक, खडकावर किटलीच्या आकाराचं घर, त्यात एक खार एकटी राहायची. काठावर साळू, अंगभर काटे आणि जीभही तशीच. दोघींच्या मध्ये नदीवरून दोर बांधलेला आणि दोरावर झाकणाची टोपली. साळू टोपलीतून खायला पाठवायची, खार त्याच टोपलीतून अक्रोड, पिसं, शिंपले, काहीबाही परत धाडायची. टोपली कधी रिकामी यायची नाही. पण खारीवर काही संकट आलं, की ती टोपली रिकामी सोडायची आणि झाकण उलटं ठेवायची, म्हणजे वाटेत कोणी चोरलेलं नाही, मुद्दाम रिकामी आहे, हे साळूला कळावं. मग साळू आधी चिडायची, पाय आपटायची, "अभी तो चाय चढ़ाई थी" म्हणायची. आणि मग घंगाळात बसायची, वल्हं म्हणून हातात पळी घ्यायची आणि ओरडायची, "टोकरी खाली? तो मैं चली!" पूर असो, वादळात छत्री उलटी होवो, ती निघायची म्हणजे निघायची. दर भागात एवढंच व्हायचं. एवढंच बघायला आम्ही दोघी बहिणी जीव टाकायचो.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यात, माडीवर. खाली मालक, वर आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी बहीण. गुडघे दुखतात म्हणून आई भाजी घ्यायला जिना उतरायची नाही. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. भाजीवाली वांगी, मेथी भरायची आणि वर मान करून ओरडायची, "खींच लो, बाई!" त्यामुळे ते कार्टून सुरू झालं तेव्हा बहीण टुणकन उडालीच. "ताई, अगं हे तर आपलंच घर!"

ते दिवस जग जवळ यायचे होते, निदान बाबा तसं म्हणायचे. ते कचेरीत कारकून. पेपर दुमडून आम्हाला समजावायचे, की देशाची दारं उघडली, आता सगळं जग म्हणजे एकच बाजार होणार, तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे. आमच्या घरापुरतं म्हणाल तर केबलची काळी वायर शेजारच्या गच्चीवरून आमच्या खिडकीत आली, आणि तिच्यातून साडेपाच वाजता खार आली. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम दिवसभर खटखटत असायचे, त्यामुळे आवाज मोठा करावा लागायचा. पुष्कळदा ऐन साळू घंगाळात बसतानाच बत्ती गुल व्हायची. मग उरलेलं बहीण करून दाखवायची. ती खार, मी साळू, हे ठरवावं लागलंच नाही. आई म्हणायची, "मोठीला काटे देवानंच दिलेत."

आणि मग आम्हाला सगळीकडे तेच दिसायला लागलं. खेळच होता आमचा: कार्टूनमधली वस्तू जिला आधी दिसेल तिने "दिसलं!" म्हणायचं आणि दुसरीला चिमटा काढायचा. भांड्यांच्या दुकानात टांगलेलं घंगाळ. दिसलं! लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याच्या हातातली पळी. दिसलं! ताप्तीच्या घाटावर गेलो की पाण्यातला तो दगडी हत्ती म्हणजे आमचा खडक, त्यावर बहिणीला किटलीचं घर दिसायचं. एकदा शेजारच्या काकूंच्या मयतीला घरचे सगळे बसलेले, आणि कोपऱ्यात उलटी छत्री. बहिणीने मला असा चिमटा काढला, की मी किंचाळले. बायकांना वाटलं, मलाच दुःख अनावर झालं. एक म्हातारी मला जवळ घेऊन रडायला लागली. अव माय, ते हसू दाबताना माझे प्राण कंठाशी आले होते.

माझं हसणं त्या काळात संपलं, असं म्हणायला हरकत नाही. पुढे जे हसले ते बहुतेक चारचौघांत हसावं लागतं म्हणून.

ते लोक मला बघायला आले होते. हे वाक्य मी आजवर कोणाशी इतकं सरळ बोललेली नाही. मी तेवीस वर्षांची, बहीण वीस. दापोऱ्याच्या पुढे एका खेड्यात त्यांची केळीची शेती. खाऊनपिऊन सुखी घर, मुलगा शिकलेला. मी साडी नेसून पोहे दिले, खाली मान घालून प्रश्नांची उत्तरं दिली. माझी मान खाली, तरी उत्तरं वर मान केल्यासारखीच आली असणार. पाण्याचे ग्लास घेऊन बहीण आली. चार दिवसांनी निरोप आला: धाकटी द्या.

बाबा दोन दिवस पेपरात तोंड घालून बसले. आई म्हणाली, "चालून आलेलं घर आहे. मोठीचं पण होईल, तिचं कुठं अडलंय?" संध्याकाळी मी गॅलरीत टोपलीची दोरी गुंडाळत होते, तिथे बहीण आली. म्हणाली, "ताई, तू म्हण, मी आत्ता नाही सांगते." तिचे डोळे भरलेले होते. ती खरंच नाही म्हणाली असती, याची मला आजही खात्री आहे. मी म्हटलं, "मला काय करायचंय? तुझं नशीब, तू बघ." असं बोलून मी मोठी झाले असं मला वाटलं. काटा आत राहिला तो राहिलाच.

लग्न झालं. निघताना आईच्या गळ्यात पडून रडली, बाबांच्या पाया पडली. माझ्याजवळ आली तेव्हा रडता रडता कानाशी म्हणाली, "टोपली रिकामी आली की निघशील ना गं?" मी म्हटलं, "घंगाळ घासून ठेवते. चल, हो पुढे, गाडीवाला हॉर्न मारतोय." ती हसली. मांडवात लोक बघत राहिले, की ही पोरगी सासरी जाताना हसते काय.

पहिल्या वर्षी सगळं नीट होतं. त्यांच्या गावचा एक टेंपोवाला केळी घेऊन बुऱ्हाणपूरच्या मंडईत यायचा, चांगला पोक्त माणूस. आई त्याच्याबरोबर स्टीलचा डबा पाठवायची, फडक्यात बांधून. सणाला मांडे, कधी दराब्याचे लाडू, कधी नुसत्या ज्वारीच्या बिबड्या. डबा परत यायचा तो शेंगांनी नाहीतर तुरीच्या डाळीने भरून. कोणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामं धाडत नाहीत. रिकामं भांडं म्हणजे तुमचा-आमचा संबंध संपला.

पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला आणायला मी गेले. आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आम्हाला भाऊ नाही. बाबांना लांबचा प्रवास झेपायचा नाही, लांबचा म्हणजे टेंपोत तासभर. म्हणून मीच गेले. तिच्या सासरच्या गल्लीत बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, "बाई मुराळी आली व!" बहीण मात्र ओट्यावरून धावत आली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "टोकरी खाली? तो मैं चली!" तिच्या सासूला काय कळणार कप्पाळ? आठ दिवस राहिली, झोका खेळली, गाणी म्हटली. साडेपाच वाजता आम्ही सवयीने टीव्ही लावला. ते कार्टून केव्हाच बंद झालेलं. त्या जागी कोणी काकू कुकर विकत होती.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास बातमी आली, तिला दिवस गेले. आई हरखली. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा आखाजीला आणायचं आणि मग पाठवायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं. होळीला तिने पुरणाचे मांडे केले, गुडघे धरून, दोन तास चुलीपुढे बसून. डबा गेला. चौथ्या दिवशी टेंपोवाला परत घेऊन आला. "बाईनंच दिला हातात," तो म्हणाला, "मांगच्या दारानं. काही बोलली नाही."

आईने फडक्याची गाठ सोडली. झाकण उलटं बसवलेलं होतं. आत काही नव्हतं. धुऊन पुसून लख्ख केलेला रिकामा डबा.

आईचा चेहरा मला अजून दिसतो. "रिकामा?" ती म्हणाली. मग परत, "रिकामा धाडला? माझ्या पोरीला दिवस गेलेत, आणि माझा डबा रिकामा धाडला? झाकणसुद्धा धड लावायची अक्कल नाही त्यांना! माझ्या तोंडावर मारला हा डबा." आईचा आवाज खाली मालकिणीपर्यंत गेला, आणि त्या वर आल्या त्या आगीत तेल ओतायलाच. त्यांच्या नणंदेच्या सासरीही असंच सुरू झालं होतं म्हणे, रिकाम्या डब्यापासून. झालं. आईने डबा फळीवर उलटा ठेवला आणि म्हणाली, "आता त्यांचा निरोप येईपर्यंत या घरातून कोणी तिकडे पाऊल टाकायचं नाही. सातवा लागला की आणून सोडतील स्वतः, नाक घासत."

मी तिथेच उभी होते, दाराला टेकून.

मला कळलं होतं. मी हे लपवणार नाही, लपवून काय मिळणार आहे? झाकण दिसलं त्याच क्षणी मला कळलं होतं, की हे सासूने केलेलं नाही. जगात दोनच माणसांना हे झाकण कळणार होतं, आणि त्यातली एक मी. एक वाक्य बोलायचं होतं: आई, हे तिने मुद्दाम केलंय, तिला मी हवी आहे. आई आधी खेकसली असती, "घोडी झाल्या तरी कार्टून सुटत नाही," मग तीच पिशवी भरायला लागली असती. माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. त्या दिवशी तिला कुलूप लागलं.

का? त्याच आठवड्यात मला आणखी एक स्थळ बघून गेलं होतं. खंडव्याचे लोक, 'कळवतो' म्हणाले होते, आणि 'कळवतो'चा अर्थ मला एव्हाना तोंडपाठ होता. मी डब्याकडे बघितलं आणि माझ्या मनात आलं, घर मिळालं, नवरा मिळाला, आता लेकरू पण मिळणार, आणि वर खेळ सुचतोय हिला. लाडकी खार! बसू दे थोडी वाट बघत. हे माझ्या मनात आलं, शब्दन्‌शब्द. मी माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल असा विचार केला.

आखाजी जवळ आली. तिकडून निरोप नाही, इकडून नाही. त्यांच्या शेजाऱ्याकडे फोन होता, आमच्या खालच्या मालकांकडेही होता. पण त्यांनी करावा की आम्ही? मुलीकडच्यांनी किती वाकायचं? दोन्ही घरं रुसून बसली, आणि जग म्हणे एकत्र येत होतं. बुऱ्हाणपूर ते दापोरा एवढं अंतर कोणाला कापवेना.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा मला हळूच म्हणाले, आई न्हाणीघरात होती तेव्हा, "तू जातेस का गं? आईला मी सांगतो मागाहून." टेंपोवाला मंडईतून अकरा वाजता परत निघायचा. घड्याळात नऊ वाजले होते. मी माझी ओढणी घडी करत होते. मी म्हटलं, "आईला विचारा." एवढंच. बाबा मान हलवून पेपर वाचायला बसले. ते आईला विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी खालचा फोन वाजला. तिला बुऱ्हाणपूरला दवाखान्यात आणलं होतं. आम्ही पोचलो तोवर सगळं होऊन गेलेलं. मुलगी होती. रडली नाही. बहिणीला झटके आले होते, ती वाचली हेच खूप असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून आईकडे बघत म्हणाल्या, "पायावर इतकी सूज, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. महिनाभर आधी आणली असती तर आम्ही काही केलं असतं. घरात कोणाला दिसलं नाही का?"

आई भिंतीला धरून खाली बसली.

बाहेर बाकावर तिची मोठी जाऊ बसली होती. साधी बाई, दिवसभर केळीच्या मळ्यात राबणारी. तीच मला म्हणाली, "तुमच्या घरचं कोणी आलं नाही आखाजीला. पोटुशीला माहेरचं माणूस आल्याबिगर कशी धाडावी? आमच्या सासूबाई म्हणे, मुराळी येईल तेव्हा जाईल. सूज तर पहिल्या खेपेला सगळ्यांनाच येते, आम्हाला बी आली होती. ती तर सकाळपासून पिशवी भरून ओट्यावर बसेल होती. ऊन आलं तरी उठेना. मी म्हटलं, चल जेवून घे. तर म्हणे, ताई निघालीच असेल."

मी विचारलं, "आणि डबा? होळीचा?"

"त्याचं काय झालं? सासूबाईनं शेंगा भरून दिल्या होत्या ना. मंग मागून पाहतो, तर शेंगा कोठीत ओतेल. मी पुसलं, तर म्हणे, राहू द्या वहिनी, ताईला समजते."

हे सगळं ती बाई इतक्या सहज बोलली. तिला काय माहीत, ती काय बोलतेय.

मी तिसऱ्या दिवशी मऊ भात घेऊन गेले. घाईत हाताला लागला तोच डबा नेला, वॉर्डात पोचल्यावर लक्षात आलं. बहीण उशाला टेकून बसली होती. चेहरा अजून सुजलेला, ओठ काळे पडलेले. मी भरवू गेले तर तिने डबा स्वतःच्या हातात घेतला आणि सगळा भात खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत. मी बोलणार होते. घरून निघताना दहा वेळा मनात घोकून आले होते. "अगं, मला ना त्या दिवशी..." एवढं म्हटलं, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. "ताई, नळ कुठंय गं इथं?" उठू नको म्हटलं तरी उठली, भिंतीला धरत गेली, डबा धुतला, पदराने पुसला. परत येऊन उशीखालून एक मोसंबं काढलं, नवऱ्याने आणलेलं असणार, आणि डब्यात ठेवलं. झाकण सरळ लावलं, तळहाताने दाबून घट्ट केलं, आणि माझ्या हातात दिला.

"रिकामा देऊ नये," ती म्हणाली.

तिला माझा राग आला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, केस ओढले असते लहानपणीसारखे. मी वाट बघितली, वर्षानुवर्षं बघितली. ती सासरी गेली, तिथे रमली. पुढे तिला मूलबाळ झालं नाही, जावेच्या पोरांनाच तिने आपलं म्हटलं. आखाजीला येत राहिली, नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून. मला मुराळी म्हणून परत कोणी जा म्हटलं नाही. आई गेली, बाबा गेले. माझं लग्न जुळलं नाही, आणि मी ते जुळवायचंही सोडून दिलं. माडीवर आता मी एकटी. टोपली अजून खाली सोडते, माझेही गुडघे आता आईचेच झालेत.

आणि दिसायचं काही थांबत नाही. लोकांना पळी दिसली की बालपण आठवतं, मजा वाटते. मला रोज सकाळी दुकानासमोरून जाताना घंगाळ दिसतं आणि मी मान फिरवून पुढे होते. छत्री उलटी झाली की मी रस्त्यात उभी राहते. चिमटा काढायला कोणी नसतं. दिसलं, दिसलं, दिसलं. किती दिसावं माणसाला?

त्या ग्रुपवर ते सत्तर-ऐंशी 'निघणार' वाचल्यावर मला काय झालं, सांगता येत नाही. चार दिवस शाळेत मी पोरींवर विनाकारण ओरडले. पाचव्या दिवशी फळीवरून तो डबा काढला. चिंचेने घासला, पुसला. आत काही ठेवलं नाही. झाकण उलटं ठेवलं, फडक्यात बांधलं. टेंपो आता जुन्या टेंपोवाल्याचा मुलगा चालवतो. मंडईत जाऊन त्याच्या हातात दिला. "काकू, हल्का लग रहा है," तो म्हणाला. मी म्हटलं, "जैसा है वैसा दे दे."

मला काय हवं होतं? तिने यावं, एवढंच. जिना चढून यावं, माझ्या थोबाडीत मारावी, म्हणावं, मी दोन महिने वाट बघितली तुझी, आणि तू मला आज बोलावतेस? किंवा काही न बोलता नुसतं दारात उभं राहावं. साळू नाही आली, निदान खार तरी येईल, असं वेड्यासारखं वाटत होतं. दोन दिवस मी शाळेतून धावत घरी आले. चहाला दोन कप काढून ठेवले.

तिसऱ्या दिवशी खालून हाक आली. मी टोपली सोडली. टेंपोवाल्याने डबा त्यात ठेवला. वर ओढताना दोरीनेच सांगितलं, डबा जड होता.

शेंगा होत्या, निवडलेल्या, भाजलेल्या, काठोकाठ. मध्ये पुडीत खडीसाखर. झाकण सरळ आणि इतकं घट्ट की उघडायला मला चमचा लावावा लागला.

संध्याकाळी तिचा फोन आला. केळीचा भाव, जावेच्या मुलीचं बारावीचं, नवऱ्याचं बीपी, सगळं बोलून झालं. मग म्हणाली, "आणि ताई, डबा रिकामाच आला गं तुझा. भरायला विसरलीस का?"

मी मोबाईल कानाशी दाबून धरला. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता. तिला खरंच आठवत नव्हतं, की आठवूनही ती विचारत होती, हे मला कळलं नाही. ते मला कधी कळणारही नाही.

"हो," मी म्हटलं, "विसरले."

"होतं असं. वय झालं आता," ती म्हणाली, आणि शेंगा दमट हवेत नरम पडतील, लवकर संपव, असं सांगून तिने फोन ठेवला.